पश्चिमेकडचा लोखंडी दरवाजा दुपारी अडकतो आणि रात्री सुटतो: कड घासून घ्यावी का?

गच्चीवरचा (प्रश्नकर्ता)

नमस्कार. आमचे घर अकोल्यात आहे. जिन्याच्या माथ्यावरच्या खोलीतून गच्चीत उघडणाऱ्या दरवाज्याचे तोंड जवळजवळ नेमके पश्चिमेला आहे. वीस वर्षे तिथे अँगलच्या सांगाड्यावर एकेरी पत्रा ठोकलेला साधा लोखंडी दरवाजा होता. त्याची खालची कड पावसाने गंजून गेली, म्हणून गेल्या दिवाळीत तो काढला आणि तयार मिळणारा दुहेरी पत्र्याचा दरवाजा बसवला. याची उंची २१०० मिलिमीटर, रुंदी ९०० आणि जाडी ५० मिलिमीटर आहे. दोन पत्र्यांच्या मध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखा कागदी गाभा असून वरून सागवानी छापाचा गडद तपकिरी रंग आहे. दरवाजा गच्चीकडे, म्हणजे बाहेर उघडतो, आणि आतून मधोमध आडवी कडी आहे.

थंडीत कसलीही तक्रार नव्हती. मार्च संपता संपता मात्र असे लक्षात आले की दुपारी तीननंतर कडी जड होते, पाचच्या सुमारास ती हलतही नाही आणि रात्री नऊला तीच कडी एका बोटाने सरकते. मी तेल सोडून पाहिले, त्याचा उपयोग झाला नाही. गेल्या आठवड्यात गच्चीवर कुरडया वाळत होत्या, चारनंतर अचानक वळिवाची चिन्हे दिसू लागली आणि आई व मी आत उभे राहून दाराला खांदे देत होतो. दार काही केल्या हलले नाही. पहिली सर दारावर आपटली आणि दोन-तीन मिनिटांत कडी आपोआप सैल झाली, पण तोवर कुरडयांचा पुन्हा चीक झाला होता.

दरवाजा बसवणाऱ्या कारागिराचे म्हणणे असे की लोखंड उन्हाने वाढते, त्यामुळे चौकटीत जागा उरत नाही, तेव्हा कडीकडची कड ग्राइंडरने तीन मिलिमीटर घासून टाकू. तो सकाळी नऊला आला होता आणि तेव्हा दार लोण्यासारखे चालत होते. मला त्याचे म्हणणे पटत नाही, कारण ऐन दुपारी मी दोन जुनी एटीएम कार्डे एकत्र धरून दार आणि चौकट यांच्यामधल्या फटीत घातली, तेव्हा ती वरपासून खालपर्यंत अडथळ्याशिवाय फिरली. मग दार नेमके अडकते कुठे? आणि तेच ऊन वीस वर्षे खाणारा जुना दरवाजा एकदाही का अडकला नाही?

सुताराचा नातू

माझा अनुभव लाकडाचा आहे, तरी सांगतो. पावसाळ्यात लाकडी दरवाजे फुगतात आणि श्रावणात लोक रंधा मारून घ्यायला आजोबांकडे येत असत. आजोबा त्यांना चहा पाजून परत पाठवत आणि दिवाळीनंतर या म्हणत, कारण फुगलेले दार तासले तर ते सुकल्यावर चौकटीत बोटभर फट राहते आणि कापलेले लाकूड परत जोडता येत नाही. जो दोष ठरावीक वेळी येतो आणि आपण होऊन जातो, त्यावर कापाकापीचा उपाय करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. लोखंडाचे कारण जाणकारांनी सांगावे.

कडीकोयंडा

माझे जळगावात फॅब्रिकेशनचे दुकान आहे, त्यामुळे आधी व्यवसायबंधूची थोडी बाजू घेतो. लोखंड उन्हाने वाढते हे खरेच आहे. चार मीटरच्या सरकत्या फाटकाला किंवा रुंद शटरला ही वाढ धरूनच आम्ही जागा सोडतो. परंतु नऊशे मिलिमीटर रुंदीच्या दाराला ती वाढ अर्धा मिलिमीटरसुद्धा होत नाही आणि आपण दोन कार्डे फिरवून पाहिली आहेत, त्यामुळे तो मुद्दा तिथेच निकालात निघतो.

दुसरे असे की अशा तयार दरवाज्याची कड म्हणजे भरीव लोखंड नसते. तिथे दोन पत्रे दुमडून एकमेकांत अडकवलेले असतात. ती कड घासली की दुमड उघडी पडते, जस्ताचा थर जातो, आणि पहिल्याच पावसाळ्यात पाणी आतल्या कागदी गाभ्यापर्यंत पोहोचते. एकदा गाभा भिजला की पत्रा आणि गाभा यांची पकड सुटते आणि दारावर टिचकी मारली तर पोकळ आवाज येऊ लागतो. असे दार दुरुस्त होत नाही.

दार बिजागरीवर लटकले आहे का, हे तपासायचे असल्यास कडीकडचा वरचा कोपरा आणि खालचा उंबरठा पाहावा. लटकलेले दार तिथे घासते आणि रंगावर चकाकती खूण उमटते. ती खूण नसेल, तर बिजागऱ्यांना हात लावू नये. एवढे मात्र मीही पाहिले आहे की दुपारी अडकण्याची ही तक्रार जवळजवळ नेहमी दुहेरी पत्र्याच्या दाराबद्दल येते. एकेरी पत्र्याचे दार उन्हात 'टण्ण' असा आवाज करते, पण अडकत नाही. याचे कारण मला नीटसे मांडता येणार नाही.

ओळंबा

कारण पहिल्याच मजकुरात दडलेले आहे: पावसाची सर दारावर आपटली आणि दार सुटले. पाणी लागले ते फक्त बाहेरच्या पत्र्याला. त्या एका पत्र्याच्या निवण्याने जर कडी सैल झाली, तर दोष कडीत नाही, चौकटीतही नाही, तर बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा यांच्या तापमानांतील फरकात आहे.

जरा आकडे मांडू. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे १२ दशलक्षांश इतके वाढते. २१०० मिलिमीटर उंचीचे दार संपूर्णपणे ४० अंशांनी तापले, तर ते उंचीला जेमतेम एक मिलिमीटर वाढेल. चौकट ज्या भिंतीत बसवली आहे तिथल्या काँक्रीटचे प्रसरणही जवळपास तेवढेच असते. लोखंडी सळया काँक्रीटमध्ये सुखाने नांदतात त्या याच कारणाने. म्हणजे नुसत्या वाढीने दार अडकणार नाही, हे कडीकोयंडा यांचे म्हणणे बरोबर आहे.

मात्र आपले दार एकसारखे तापत नाही. मे महिन्यात दुपारी साडेचारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ६०० ते ७०० वॉट ऊन पडते आणि गडद तपकिरी रंग त्यातला बहुतांश भाग पिऊन घेतो. पाऊण-एक मिलिमीटरच्या पत्र्याला एक अंश तापायला दहा सेकंदही लागत नाहीत. हवा ४४ अंशांवर असताना तो पत्रा ७० ते ७५ अंशांवर जाऊन स्थिरावतो. आतला पत्रा मात्र जिन्याच्या सावलीत असतो आणि मधला कागदी गाभा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे तो ४५ अंशांच्या आसपास राहतो. दोन्हींत साधारण ३० अंशांचा फरक पडतो. बाहेरचा पत्रा लांब होऊ पाहतो, आतला होत नाही, आणि दोघे एकमेकांना कडांनी व गाभ्याने घट्ट बांधलेले आहेत. अशा वेळी दार उन्हाच्या दिशेने पोट काढते. शाळेच्या प्रयोगशाळेत दोन धातूंची पट्टी तापवल्यावर वाकते ना, त्यातलाच हा प्रकार आहे. तिथे धातू दोन असतात आणि तापमान एक, इथे धातू एक आणि तापमाने दोन.

हा बाक किती येतो, तेही काढता येते. प्रसरणांक (वर दिलेले दर अंशाचे १२ दशलक्षांश) आणि तापमानातील फरक यांचा गुणाकार करावा, त्याला जाडीने भागावे, उंचीच्या वर्गाने गुणावे आणि शेवटी आठने भागावे. आपल्या दारासाठी हे उत्तर जवळजवळ ४ मिलिमीटर येते. एका मिलिमीटरच्या वाढीची आपण चर्चा करत होतो आणि बाक निघाला तिच्या चौपट. शिवाय तो उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून हेच दार २४०० मिलिमीटर उंच असते तर बाक सुमारे तीस टक्के जास्त आला असता. आजकाल उंच दारांची हौस वाढली आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता कडी का अडकते ते पाहू. दार बाहेर उघडते, म्हणजे चौकटीची खाच त्याला आतून अडवते. वरचा आणि खालचा कोपरा त्या खाचेवर टेकतात आणि मधला भाग बाहेर जाऊ पाहतो, पण तिथे कडी भोकात अडकलेली असते. सारा जोर कडीच्या बाजूवर येतो आणि ती भोकाच्या बाहेरच्या कडेवर आवळली जाते. आपण दोघे खांदे देत होता, तेव्हा नेमका हाच जोर वाढवत होता. पुढच्या वेळी दार ढकलू नका. एका हाताने मूठ स्वतःकडे, म्हणजे आत ओढून धरा आणि दुसऱ्या हाताने कडी सरकवा. दार हाताने सरळ होण्याइतके लेचेपेचे नसते, तरी कडीवरचा भार थोडा हलका होतो.

जुने दार एकेरी पत्र्याचे होते. त्याच्या दोन्ही बाजूंचे तापमान एकच, म्हणून ते तापले तरी वाकत नव्हते. पातळ पत्रा लवकर तापतो आणि जाड अँगल सावकाश, त्यामुळे पत्रा चारी बाजूंनी दाबला जाऊन फुगायचा. कडीकोयंडा यांनी सांगितलेला 'टण्ण' तो हाच. यातला उपरोध असा की दार जितके चांगले उष्णतारोधक, तितका त्याचा बाक मोठा. कागदाऐवजी फोम भरलेले दार घेतले असते तर जिना थोडा थंड राहिला असता, पण दोन पत्र्यांतील फरक आणखी वाढला असता.

माझ्या शब्दावर विसंबू नका. दाराच्या आतल्या बाजूने वरून खालपर्यंत दोरी ताणून बांधा आणि मध्यावर दोरी व पत्रा यांच्यातले अंतर पट्टीने सकाळी व दुपारी मोजा. मोजताना कडी लावू नका, दार नुसते लोटून ठेवा. मग बाहेरून ओले पोते पसरा आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजा.

गच्चीवरचा (प्रश्नकर्ता)

आपण सुचवलेली मापे काल रविवारी घेतली. सकाळी आठला दोरी पत्र्याला टेकलेली होती. दुपारी साडेचारला मध्यावर साडेतीन मिलिमीटरची फट दिसली. त्या वेळी आई आतून कडी लावून पाहत होती, तर कडीचे टोक भोकात न जाता त्याच्या कडेवर आपटत होते. मी गच्चीत उभा राहून भिजवलेले गोणपाट दारावर पसरले. त्यातून वाफेसारखा ऊबट वास आला आणि दहा मिनिटांनी दोरीची फट एक मिलिमीटरवर आली. आईने आतून कडी सरकवली ती एका झटक्यात लागली, आणि मी बाहेर आहे हे तिच्या लक्षात येईपर्यंत मी उन्हातच उभा होतो.

वरच्या कोपऱ्यात किंवा उंबरठ्यावर घासल्याची खूण कुठेही नाही. कारागिराला ग्राइंडर आणू नका असे कळवले आहे. आता उपाय कोणता करावा? दरवाज्यावर दोन फुटांचा छज्जा आहे. तो वाढवावा का? शेजारी म्हणतात, चंदेरी रंग द्या, ऊन परतवतो.

टोरांटोकर

विषय दूरच्या देशाचा वाटेल, पण संबंध थेट आहे. इथे मुख्य दरवाज्याच्या बाहेर वाऱ्या-बर्फापासून बचाव म्हणून काचेचा आणखी एक दरवाजा लावतात. आतला दरवाजा पोलादी, गडद रंगाचा आणि उन्हाच्या तोंडाचा असेल, तर त्या दोन दारांमध्ये ऊन कोंडले जाते. काच ऊन आत सोडते, तापलेली हवा मात्र बाहेर जाऊ देत नाही. मग आतल्या दाराच्या काचेभोवतीची प्लास्टिकची पट्टी मऊ पडून वाकडी होते. म्हणूनच अशा दारांबरोबर येणाऱ्या सूचनांमध्ये, उन्हाच्या बाजूला काचेचा दरवाजा लावू नये, असा इशारा असतो.

हे लिहिण्याचे कारण असे की नाशिकला माझ्या बहिणीने धूळ येते म्हणून जाळीच्या सेफ्टी डोअरला पारदर्शक अॅक्रिलिक बसवून घेतले आहे आणि आतले मुख्य दार दुपारनंतर हात लावू देत नाही अशी तिची तक्रार असते. ते अॅक्रिलिक उन्हाळ्यापुरते काढून ठेवावे. आपल्या गच्चीच्या दाराला सावली करताना पारदर्शक पत्रा कोणी सुचवला, तर तो घेऊ नका.

ओळंबा

साडेतीन मिलिमीटर हे माप माझ्या अंदाजाच्या जवळच आहे. बिजागरीकडची बाजू तीन ठिकाणी चौकटीला जखडलेली असल्याने ती पूर्ण मोकळेपणी वाकत नाही, म्हणून थोडे कमी आले असावे. मधल्या बिजागरीचे स्क्रू मात्र वर्षातून एकदा आवळून घ्या, कारण रोज दुपारी ती बिजागरी ताण सोसते.

छज्ज्यावर खर्च करू नका. मे महिन्यात साडेचारला सूर्य क्षितिजापासून साधारण तेहतीस अंशांवर असतो आणि तोही दाराच्या जवळजवळ समोर. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली त्या वेळी दारावर जेमतेम चाळीस सेंटिमीटर उतरते, उरलेले दार उघडेच राहते. छज्जा दक्षिणेच्या उन्हाला चांगला, पश्चिमेच्या उन्हाला उभा आडोसा लागतो. विदर्भात आपल्याला ते नव्याने शिकवायला नको, कूलर येण्याआधीपासून वाळ्याचे तट्टे त्यासाठीच लावले जात आहेत. तट्टा, बांबूची चटई किंवा शेतीची हिरवी जाळी, काहीही चालेल. अट एवढीच की ते दाराला चिकटू नये. मध्ये दहा-पंधरा सेंटिमीटर जागा वर-खाली मोकळी ठेवा, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाईल.

चंदेरी रंगाबद्दल शेजाऱ्यांचा समज अर्धाच खरा आहे. तो ऊन बऱ्यापैकी परतवतो, पण जे थोडे शोषले जाते ती उष्णता परत फेकण्यात चिक्कू असतो. चकाकत्या धातूचा हा स्वभावच आहे. उन्हात ठेवलेले रिकामे स्टीलचे भांडे चमकत असूनही हाताला पोळते ते त्यामुळे. साधा पांढरा इनॅमल रंग ऊन परतवतो आणि शोषलेली उष्णता मोकळ्या हाताने बाहेरही टाकतो. पांढऱ्या रंगाने बाहेरचा पत्रा ५५ अंशांच्या आसपास राहील, दोन पत्र्यांतील फरक बारा-तेरा अंशांवर येईल आणि बाक दीड-पावणेदोन मिलिमीटरवर. सावली आणि पांढरा रंग दोन्ही केलेत, तर बाक मोजण्यापुरताही उरू नये. सागवानी छाप जाईल याचे वाईट वाटणे साहजिक आहे, परंतु गच्चीच्या दाराला पाहुणे कितीसे येतात?

कडीकोयंडा

ओळंबा यांचे आभार, टण्णचे कोडे सुटले. आता हातकाम सांगतो.

दाराची कड घासायची नाही, पण चौकटीवरच्या ज्या पट्टीत कडी शिरते, तिचे भोक बाहेरच्या बाजूने, म्हणजे गच्चीकडे, कानशीने दोन-तीन मिलिमीटर लांबट करून घ्यावे. गोल भोकाचे लंबगोल होईल. पट्टीची किंमत शंभर-दीडशे रुपये, बिघडली तर बदलता येते. थंडीत दार किंचित खडखडेल, तेव्हा खाचेत रबराची पट्टी चिकटवा.

पांढरा रंग छापाच्या थरावर थेट देऊ नका. तो गुळगुळीत असतो आणि रंग वर्षभरात पापुद्र्यांनी निघतो. आधी बारीक पॉलिश पेपरने तो खरखरीत करावा, मग प्रायमर, मग इनॅमलचे दोन हात. आणि हे काम सकाळी करावे. तापलेल्या पत्र्यावर रंग पसरण्याआधीच सुकतो आणि ब्रशचे ओघळ तसेच राहतात.

बाहेरच्या मुठीकडेही पाहा. स्टीलची उघडी मूठ दुपारी सत्तर अंशांवर जाते आणि एवढ्या तापलेल्या धातूला एक-दोन सेकंद हात टेकला तरी चटका बसतो. माझ्या दुकानात शटरच्या मुठीला आम्ही सायकलच्या हँडलचे रबर चढवतो. दिसायला साधे आहे, पण मुलांचे आणि म्हाताऱ्या माणसांचे हात वाचतात.

गच्चीवरचा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण काम टप्प्याटप्प्याने केले आणि प्रत्येक टप्प्यानंतर दुपारी साडेचारलाच दोरीने मोजले.

आधी फक्त भोक लांबट केले. बाक तेवढाच राहिला, पण कडी दोन हातांनी का होईना, सरकू लागली. त्यानंतर पांढरा रंग दिला. पहिला हात मी उतावळेपणाने सकाळी अकराला सुरू केला आणि कडीकोयंडा यांनी सांगितलेले ओघळ खालच्या अर्ध्या भागावर आजही पाहता येतील. रंगानंतर फट दीड मिलिमीटरवर आली. शेवटी गच्चीच्या कठड्यापासून छज्ज्यापर्यंत दोन बांबू उभे करून दारापुढे वितभर अंतरावर तट्टा टांगला. तेव्हापासून दोरी आणि पत्रा यांच्यात पट्टीवर वाचता येईल असे काही दिसत नाही. जिन्यातली धगही कमी झाली आहे, निदान वरच्या चार पायऱ्यांवर आता अनवाणी बसता येते.

तट्टा उघड्या गच्चीवर वाऱ्यात धडधडतो, म्हणून खाली दोन विटा बांधल्या आहेत आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की तो उतरवून ठेवणार आहे. मुठीला सायकलचे रबर चढवले आहे. आई मात्र अजून पदरानेच मूठ धरते. कुरडया दुसऱ्यांदा घातल्या असून त्या परवा उतरवल्या.